बोटीवरचा वाढपी

आमच्या सदूदादाने जन्मभर दारूवर पोट भरलं, पण दारूचा थेंब पोटात जाऊ दिला नाही.

तो समुद्रावर फिरणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटीवर वाइनचा जाणकार होता. जेवणघरात पाहुण्यांच्या टेबलाशी जायचं, कुणाच्या जेवणाला कोणती वाइन शोभेल ते सांगायचं, बाटली उघडून वास घ्यायचा, घोटभर चाखायची आणि मगच पाहुण्याच्या पेल्यात ओतायची, हे त्याचं काम. चाखलेला घोट तो आत जाऊन एका भांड्यात थुंकायचा. ही तडजोड माझ्या मावशीची, म्हणजे त्याच्या आईची. ग्वाल्हेर सोडून तो या नोकरीवर निघाला तेव्हा तिने देवासमोर उभं करून बजावलं होतं, "धंदाच तसला आहे तर तोंडात घे बाबा. पण नरड्याखाली उतरता कामा नये." तीस वर्षं त्याने हा शब्द पाळला. मी माझ्या डॉक्टरांना दर महिन्याला सकाळी फिरायला जायचा शब्द देतो. ते आता माझ्याकडे न बघताच मान हलवतात.

त्याच्या हुद्द्याला एक फ्रेंच नाव होतं. ते आमच्या घरात कुणालाच धड म्हणता येत नसे. कोटावर सोन्याच्या रंगाचा द्राक्षाच्या घडाचा बिल्ला लावून काढलेला त्याचा फोटो मावशीने भिंतीवर लावला होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या, आमच्या शेजारपाजारच्या बायकांनी विचारलं, की ती सरळ सांगायची, "बोटीवर वाढपी आहे आमचा सदू."

यात तिला कमीपणा वाटत नसे, कारण तिचे यजमान, आमचे काका, हे वाढप्यांचे वाढपी. टोपी बाजारात त्यांचं छोटंसं दुकान होतं, टोप्यांचं नव्हे, भांड्यांचं. पण आपल्या मराठी मंडळींत लग्न-मुंज निघाली की दुकान शेजाऱ्यावर सोपवून काका पंचा कमरेला बांधून हजर. पंगतीतली सगळी पोरं त्यांच्या हाताखाली वाढायला शिकली. मीही शिकलो असतो, पण पहिल्याच पंगतीत एका सासरेबुवांच्या मांडीवर गरम वरण ओतल्यामुळे माझी नेमणूक कायमची मिठावर झाली.

काकांची शिकवण सदूदादाने मात्र जशीच्या तशी उचलली. ते म्हणायचे, "पान बघ, तोंड बघू नकोस. तोंड खोटं बोलतं." आपल्याकडे पंगतीत प्रत्येक जण 'नको नको' म्हणत पानावर हात धरतो. तेव्हा काय करायचं? काका सांगायचे, "बोटं फाकलेली असली तर बिनदिक्कत वाढ, त्याला हवंय. बोटं मिटलेली असली तर गुपचूप पुढे जा. तो मनापासून नको म्हणतोय." आणि पानं उचलायची वेळ आली, की तिसरी गोष्ट. "कुणी काय टाकलं ते नीट बघायचं. बघायचं, शिकायचं, पण बोलायचं नाही."

सदूदादाचं नाक ही आमच्या घरात दहशत होती. सुट्टीवर आला की हरिशंकरपुरमला आमच्याकडे चहाला यायचा. कप तोंडाजवळ नेऊन क्षणभर थांबायचा आणि माझ्या बायकोला म्हणायचा, "मंजिरी, आलं ताजं आहे, दूध कालचं आहे, आणि या पातेल्यात सकाळी कुणीतरी अंडी उकडलीत." मंजिरी माझ्याकडे बघायची. चतुर्थीचा दिवस, आणि अंडी मी उकडली होती.

दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. "अरू, येत्या हिवाळ्यात तुम्ही दोघं बोटीवर या. घरच्या माणसांना सवलत असते. पुढच्या वर्षी मी तिथे असेन की नाही, सांगता येत नाही."

कंपनीच्या मनात वाइनचे जाणकार काढून टाकायचे होते. प्रत्येक टेबलावर एक टॅब्लेट ठेवायचा. काय जेवणार ते त्यात टिपलं, की कोणती वाइन घ्यायची ते तोच सांगेल. बाटली कोणीही वेटर उघडेल. त्या हंगामात प्रवाशांची मतं मागवणार होते आणि त्यावर निर्णय. सदूदादाला छप्पन्नावं लागलं होतं. दुसरी कुठलीही विद्या त्याने शिकलेली नव्हती.

सिंगापूरला आम्ही बोटीवर चढलो. मी बोट म्हणतोय खरा, पण आमच्या ग्वाल्हेरचा महाराज बाडा, म्हणजे तो अख्खा चौक, उचलून पाण्यावर ठेवला असता तरी तिच्या एका कोपऱ्यात मावला असता. पहिल्या दिवशी मी तीनदा हरवलो आणि एकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी खोलीचं दार माझ्या कार्डाने उघडायचा प्रयत्न करत दहा मिनिटं उभा राहिलो.

खोलीत टेबलावर एक छापील फॉर्म होता. आता मी पडलो सरकारी कचेरीतला हेडक्लार्क. कोरा फॉर्म नजरेसमोर असला की मला जेवण जात नाही. तो शेवटच्या दिवशी भरायचा होता, पण मी दुसऱ्याच दिवशी सकाळी भरून टाकला. गादी, उत्तम. पाणी, गरम. सातवा प्रश्न असा, की जेवणघरात वाइनसाठी वेगळा जाणकार असावा असं वाटतं का? मी पेन थांबवलं. भाऊ आहे म्हणून खोटं लिहायचं? इतकी वर्षं फायलींवर निःपक्षपाती शेरे मारलेला मी माणूस. पहिल्या संध्याकाळी मी पाहिलं होतं ते इतकंच, की दादा आला, हसला, बूच काढलं, ओतलं आणि गेला. मी 'आवश्यकता नाही'वर खूण केली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हाताला सवय. खाली पूर्ण नाव, सही, तारीख घातली आणि 'माहितीस्तव सविनय सादर' असंही लिहिलं. मग फॉर्म स्वागतकक्षातल्या पेटीत टाकला आणि हलक्या मनाने नाश्त्याला गेलो.

दुपारी दादाला तासभर सुट्टी होती. डेकवर बसून मी त्याला मुद्दाम छेडलं. "दादा, राग मानू नकोस, पण बाटलीचं बूच काढायला एवढा शिकलेला माणूस कशाला रे?"

तो हसला. "माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल, एवढंच सांगायचं असेल तर नकोच माणूस. आमटीबरोबर भात घ्या, हे सांगायला काय बाबा लागत होते पंगतीत?"

"मग?"

"हे बघ, शहरातल्या हॉटेलात माणूस एकदा जेवतो आणि जातो. इथे सात संध्याकाळ तोच माणूस, तीच खुर्ची. पळून जाणार कुठे, समुद्रात? पहिल्या दिवशी तो तोंडाने बोलतो. तिसऱ्या दिवसापासून त्याचं ताट बोलायला लागतं."

मला ते फारसं कळलं नाही. मी म्हटलं, "बरं."

त्या संध्याकाळी पहिला धक्का बसला. आमच्यापासून तीन टेबलं पलीकडे एका वेटरने बाटली उघडली. दादा आमच्याशी बोलत होता, तो वाक्य अर्धं टाकून गेला, हसतमुखाने ती बाटली उचलली आणि दुसरी ठेवून आला. "काय झालं रे?" मी विचारलं. "बूच बिघडलेलं होतं. बाबांच्या दुकानात पावसात भिजलेलं गोणपाट असायचं नं, भांडी गुंडाळायचं? तो वास." मी जोरजोरात हुंगून पाहिलं. मला फक्त माझ्याच कोटाच्या डांबरगोळ्यांचा वास आला.

पण खरी गोष्ट तिसऱ्या संध्याकाळची. आमच्या टेबलावर कानपूरचे गुप्ताजी आणि त्यांच्या पत्नी असायच्या. गुप्ताजी दणदणीत माणूस, पोट हलवून हसणारे. दोन दिवस त्यांनी पेला उपडाच ठेवला होता. मला वाटलं, संकोच. आणि संकोच दिसला की आमच्या ग्वाल्हेरी रक्तात आग्रह उसळतो. मी स्वतः अर्ध्या पेल्यावर रंगात आलो होतो. त्यांचा पेला मीच सुलटा केला आणि म्हटलं, "अरे भाईसाहब, आज नहीं चलेगा! मेरे भाई के हाथ की है. एक घूँट तो बनता है!"

"नहीं नहीं, आप लीजिए."

"ऐसे कैसे? मेरा दिल मत तोड़िए!"

शेजारच्या टेबलावरचे लोकही हसत टाळ्या वाजवू लागले. गुप्ताजींनी पेल्यावर हात ठेवला. हसत होते, पण त्यांच्या पत्नी मान खाली घालून टेबलक्लॉथकडे बघत होत्या. मला आपला आग्रह चढलेला, मी कशाला बघतो? "हात हटाइए, हात हटाइए," मी घोष लावला. आणि त्यांचा हात खरोखर हळूहळू सरकू लागला.

तेवढ्यात दादा आला. शुभ्र रुमालात गुंडाळलेली एक बाटली त्याच्या हातात होती. "सर के लिए आज मैंने अलग से कुछ खोला है," तो म्हणाला आणि खाली वाकून बाटलीवरची चिठ्ठी फक्त गुप्ताजींना दिसेल अशी धरली. त्यांनी ती वाचली. मग मान वर करून दादाकडे बघितलं. किती वेळ बघत होते! मग त्यांनी हात काढून घेतला.

दादाने त्याच उंची पेल्यात, त्याच दिमाखात, लालभडक धार सोडली. गुप्ताजींनी पेला फिरवला, हुंगला, उंचावला. टाळ्या पडल्या. मी मंजिरीला कोपराने ढोसून म्हटलं, "बघितलंस? आग्रह असा करायचा असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजिरी डेकवरून परत आली ती पांढरी पडून. गुप्ताजींच्या पत्नी तिच्याजवळ रडल्या होत्या. गुप्ताजींना दारू सोडून अकरा महिने झाले होते. त्याआधी दोनदा सोडून दोनदा परत सुरू झाली होती आणि दुसऱ्या वेळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. बायकोची हौस म्हणून ते बोटीवर आले, पण रोज संध्याकाळी जेवायला निघताना ते दारापाशीच अडायचे. "कल मुझे लगा, गया सब," त्या म्हणाल्या होत्या. "आपके जेठजी ने अंगूर का रस पिलाया. किसी को पता नहीं चलने दिया. मेरा घर बचा लिया."

हे सांगून मंजिरी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आणि तुम्ही ढोसत होता."

मी दादाला गाठलं. "तुला कसं कळलं?"

तो पेले पुसत होता. पाहुण्यांबद्दल बोलायचं त्याच्या जिवावर आलेलं दिसलं. "पहिल्या दिवशी त्यांनी रमचा केक नुसता हुंगून सरकवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, सॉसमध्ये वाइन आहे का. रसाची बाटली मी तेव्हाच थंड करायला ठेवली होती." हातातला पेला उजेडात धरून म्हणाला, "आणि काल त्यांची बोटं बघितली नाहीस? घट्ट मिटलेली होती रे."

बाटली कोणीही उघडेल. कुणाच्या पेल्यात काय ओतायचं नाही हे आदल्या दिवशीच ओळखून ठेवणारा माणूस माझ्या समोर उभा राहून फडक्याने काच पुसत होता, आणि मी त्याला 'आवश्यकता नाही' असा शेरा मारून मोकळा झालो होतो. मी तसाच धावत स्वागतकक्षात गेलो. पेटीला कुलूप. तिथल्या मुलीला माझ्या इंग्रजीत समजावलं, की फॉर्म परत हवा आहे. ती गोड हसून म्हणाली, पेटी रोज सकाळी रिकामी होते, आणि एका खोलीचा एकच फॉर्म धरतात. मी तरीही कोऱ्या कागदाच्या दोन्ही बाजू भरून लिहून दिलं. तिने तो कागद अतिशय आदराने एका खणात ठेवला. ते खण मला चांगले माहीत आहेत. आमच्या कचेरीतही आहेत.

दादाला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं.

पुढच्या वर्षी टॅब्लेट आले आणि दादा ग्वाल्हेरला परत आला. त्याने कुरकुर केली नाही. "टॅब्लेटला नाक नाही, पण पगारही नाही. कंपनीचं काही चुकलं नाही," एवढंच म्हणाला. काकांच्या दुकानाची जागा अजून होती, तिथे तो बसू लागला. बिल्ला मावशीच्या फोटोला अडकवून ठेवला. मावशी त्याच वर्षी गेली होती. मी मात्र त्याच्याकडे जायचं टाळू लागलो. एका खुणेने काय होतं, असं स्वतःला समजवायचो. पण हजारो खुणांतली एक सहीनिशी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या महिन्यात आमच्या मुलीचं केळवण केलं. घरचीच वीस माणसं, दुपारची पंगत. दादा न सांगता पंचा बांधून श्रीखंडाचं पातेलं घेऊन उभा राहिला. एकेका ताटापुढे वाकायचा, बघायचा, वाढायचा नाहीतर पुढे जायचा. माझं सोडलं तर एकाही ताटात काही उरलं नाही आणि एकही ताट रिकामं राहिलं नाही. मग तो माझ्यापुढे आला. श्रीखंडाला नाही म्हटल्याची माझी ख्याती नाही. पण त्या दिवशी माझा हात आपोआप ताटावर गेला.

दादाने डाव तसाच धरला. "अरू, तुझी बोटं मिटलेली आहेत. काय झालंय?"

पंगत उठल्यावर मी त्याला अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. सातवा प्रश्न, खूण, सही, पेटी. माझं संपल्यावर तो म्हणाला, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"जेवणघराबद्दल काही लिहिलेले फॉर्म आधी आमच्याकडेच यायचे वाचायला. एवढ्या वर्षांत 'सविनय सादर' लिहिलेला तो एकच."

"कधी वाचलास?"

"तिसऱ्या दिवशी. सकाळी."

मला हिशेब लागायला वेळ लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे संध्याकाळी तो रुमालात गुंडाळलेली बाटली घेऊन आमच्या टेबलाशी आला, माझा आग्रह त्याने माझ्याही नकळत मोडला, चारचौघांत माझी शोभा होऊ दिली नाही, तेव्हा ते त्याला माहीत होतं. त्यानंतर चार संध्याकाळ त्याने मला वाढलं, तेव्हाही माहीत होतं.

"मग बोलला का नाहीस रे?"

पंच्याला हात पुसत तो आत वळला. ताटं उचलायची राहिली होती. माझ्या ताटात अर्धी पोळी टाकलेली होती. त्याने ती बघितली, ताट उचललं आणि काही न बोलता पुढच्या ताटाकडे गेला.