सरदारणीला उठवणारे आमचे साडू

ऐंशीच्या दशकात पार्सिपनीपासून थेट शिकागोपर्यंत जेवढी म्हणून मराठी माणसं अमेरिकेत नांदत होती, त्यांत डॉक्टर पैशाला पासरी होते आणि इंजिनिअर तर विचारूच नका; पण मेलेल्या बाईला शवपेटीतून उठवणारा माणूस एकच होता, आणि तो आमचा साडू होता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे गृहस्थ शिकले गिअरचं इंजिनिअरिंग, तेही पश्चिम जर्मनीत, आणि नोकरी केली न्यू जर्सीतल्या गिअरच्याच कारखान्यात. पण नव्या माणसाशी ओळख करून देताना ‘मी गिअर बनवतो’ असं त्यांनी उभ्या जन्मात म्हटलं नाही. हात पुढे करायचे आणि म्हणायचे, ‘नमस्कार! मी युरोपात असताना पिक्चरमध्ये काम केलंय.’ समोरचा बिचारा विचारायचा, ‘अरे वा, कुठल्या?’ की संपलंच. त्याचा रविवार गेला.

तो पिक्चर जर्मन, भुताचा, साठच्या दशकाच्या अखेरीचा. एका तळ्याकाठी आरोग्यधाम चालवणाऱ्या आणि तिथल्या पाहुण्यांचं रक्त पिणाऱ्या काउंटेसची ती कथा. काउंटेस म्हणजे सरदारीण, असं भाषांतर साडूंनीच केलं होतं, आणि ते तिला नेहमी ‘सरदारीणबाई’ म्हणत, जणू घरातल्याच कुणी वडीलधाऱ्या. पिक्चर आमच्यात कुणीच पाहिला नव्हता. साडूंनीसुद्धा नाही! त्यांच्याकडे होती फक्त त्याच्या संगीताची रेकॉर्ड. वेष्टनावर सरदारीणबाई अपुऱ्या कपड्यांत शवपेटीवर बसलेल्या, म्हणून ताईनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, त्याला शाळेच्या वहीसारखं ब्राउन पेपरचं कव्हर घालून वर ‘भक्तिगीते’ अशी चिठ्ठी चिकटवून टाकली होती. एका वर्षी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी ती चिठ्ठी वाचून रेकॉर्ड प्रसादाच्या वेळी लावली. गिटार किंचाळली, बाई खदाखदा हसली, आणि हॉलमध्ये सगळ्यांच्या हातातले द्रोण जागच्या जागी थांबले. फक्त एक काकू म्हणाल्या, ‘आधुनिक भजन दिसतंय. ठेका छान आहे हो.’

आता ते संगीत. आधी सतार, पण तापात बरळणारी. मग चर्चमधला ऑर्गन, मग बोंगो, मग गिटारला कुणी विजेचे झटके देतंय असा आवाज. त्या काळच्या गोऱ्या पोरांना हे ऐकून डोळ्यांपुढे रंगीबेरंगी चक्रं दिसायची म्हणे. मला नुसती भूक लागायची, कारण रेकॉर्डच्या दोन्ही बाजू झाल्याशिवाय ताईला चहा टाकायची परवानगी नव्हती. दुसऱ्या बाजूच्या शेवटी विहिरीच्या तळातून आल्यासारखा एक आवाज घुमायचा, जेमतेम अर्धं मिनिट, आणि त्यावर पुन्हा त्या बाईचं हसणं. साडू डोळे मिटून तर्जनी वर करायचे. ‘हा मी.’ एकदा मी चिठ्ठीखालून कव्हर वर करून पाहिलं. तिथे लिहिलं होतं, ‘आवाज: काशीचे महायोगी.’ साडू कऱ्हाडचे.

ते तिथे पोचले कसे, हे मी किमान चाळीस वेळा ऐकलंय. जर्मनीत त्यांच्या खोलीत राहणारा मुलगा ऑर्गन वाजवायचा. त्याच्या बँडच्या मंडळींना पिक्चरमधल्या मेलेल्या सरदारीणबाईंना उठवायला पूर्वेकडचा गूढ मंत्र हवा होता, आणि मंत्र आपल्या खोलीतच राहतो हे त्याला आठवलं. साडू स्टुडिओत गेले. समोर पडद्यावर शवपेटी, शवपेटीत सरदारीणबाई, आणि बाईंच्या अंगावर जेमतेम एक झिरझिरीत ओढणी! ‘आता सांगा, साडूबुवा,’ ते मला विचारायचे, ‘तिथे मी रामरक्षा म्हणणार होतो का? देवाचं नाव तिथे तोंडातून निघेल का माणसाच्या?’ मग म्हटलं काय? तर पाढा! एकोणतीसचा! घनगंभीर आवाजात, लांबवून लांबवून. दिग्दर्शकाच्या अंगावर काटा आला. त्यानं विचारलं, हे काय आहे? साडू म्हणाले, ‘फार जुनं आहे. आमच्याकडे लहानपणी मारून शिकवतात.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पण विश्वास कोण ठेवणार? रेकॉर्डवरचा आवाज इतका ताणलेला, की पाढा सोडाच, ती मराठी आहे हेही कुणाला पटेना. आणि साडूंची एकूण कीर्ती! स्वित्झर्लंडच्या एका घड्याळवाल्यानं त्यांचा गिअर पाहून दुकानाची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली होती. एका मंत्र्याची लिफ्ट अडकली तेव्हा त्यांनी केसांच्या पिनेनं ती सोडवली होती. म्युनिकमधल्या एका हॉटेलात अजूनही थालीपीठ मिळतं ते त्यांनी शिकवलेलं. ताई स्वयंपाकघरातून हाक मारायची, ‘अहो, पुरे करा आता.’ आम्ही माना डोलवायचो आणि गाडीत बसलो की हसून घ्यायचो. पण माणूस असा मोकळा की नव्यानं आलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला पहिले चार दिवस त्यांच्याच घरी जेवण. तिथून बाहेर पडताना त्या कुटुंबाला सरदारीणबाई तोंडपाठ.

या सगळ्याचं एकाच माणसाला हसू येत नसे. ते म्हणजे आमचे सासरे, नाना. नाना कऱ्हाडच्या शाळेत गणिताचे मास्तर, आणि साडू त्यांच्याच हाताखालून गेलेले. पुढे त्यांची थोरली मुलगी करून घेतली तरी नानांचं मत काही बदललं नाही. ‘धाकटे जावई ठीक आहेत,’ ते म्हणत, ‘थोरले थापाडे. लहानपणापासून.’ धाकटा जावई म्हणून मला हे ऐकायला बरं वाटायचं, उगाच खोटं कशाला बोला.

मग नाना अमेरिकेत आले. वय अठ्ठ्याहत्तर, छातीचं दुखणं. तिकडच्या डॉक्टरांनी एवढा एक प्रवास करा आणि मग घरी बसा म्हणून बजावलेलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी साडूंनी रेकॉर्ड लावली. नानांनी स्पीकरला कान लावून ती तीन वेळा ऐकली आणि काठी उचलली. ‘हा पाढा? अहो, कुणाचं तरी पोट दुखतंय.’ एवढं बोलून ते फिरायला निघून गेले. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. मला गॅरेजमध्ये गाठून म्हणाले, ‘साडूबुवा, म्हातारा आता पुन्हा काही यायचा नाही. जाईल तो मला थापाड्या म्हणतच जाईल. एवढी एक गोष्ट त्यांनी खरी मानावी हो माझी. एवढी एकच.’ त्यांचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मला माझी सगळी हसणी आठवली आणि लाज वाटली.

ऑक्टोबरात आमची भाची, म्हणजे साडूंची एकुलती एक, कुठलं कॉलेज पाहायला गेली होती, ती धावतच घरात शिरली. ‘बाबा! यू वोन्ट बिलीव्ह धिस! युवर मूव्ही!’ त्या कॉलेजच्या गावात एक जुनं थिएटर होतं, आणि तिथे दर हॅलोवीनला, दुपारी तीनच्या खेळाला, तोच पिक्चर लावायचे. ‘इट्स अ कल्ट, बाबा! पीपल नो इट बाय हार्ट!’ पोरगी कुठल्यातरी पंथात शिरली असं वाटून ताईचा चेहराच उतरला. साडू मात्र खुर्चीवरून उठले आणि कपाट उघडून नानांचा काळा कोट इस्त्रीला काढून बसले.

हॅलोवीन म्हणजे भुताखेतांची सोंगं घ्यायचा सण. आम्ही दोन्ही घरची मंडळी थिएटरात पोचलो तर आत दोनशे पिशाच्चं! पांढरे चेहरे, काळे झगे, ओठांतून ओघळणारं लाल रक्त. आमच्यात नाना पुढे: धोतर, काळा कोट, काळी टोपी, उपरणं, हातात काठी. एक पिशाच्च-कन्या टाळ्या वाजवत आली, ‘ओ माय गॉड, युवर कॉस्च्यूम इज अमेझिंग!’ नानांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. म्हणाले, ‘युवर गम्स आर ब्लीडिंग. गार्गल विथ सॉल्ट.’ आणि आत जाऊन मधल्या रांगेत बसले.

पिक्चर सुरू झाला. काय तो पिक्चर! कथा कशाला म्हणतात हे त्या दिग्दर्शकाला कुणी सांगितलंच नव्हतं. तळं, धुकं, जांभळे दिवे, गरगर फिरणारा कॅमेरा, आणि मधूनमधून सरदारीणबाईंचे कपडे कमी व्हायचे. तसं झालं की नाना चष्मा काढून उपरण्याला पुसत बसायचे. त्या दुपारी तो चष्मा इतक्या वेळा पुसला गेला की काचा झिजायच्याच बाकी होत्या. साडू माझ्या शेजारी. मी मनातल्या मनात गणपतीला म्हणत होतो, बाबा रे, एवढं ऐकू येऊ दे.

आणि शवपेटी आली. ऑर्गन थांबला, सतार थांबली. रेकॉर्डवर ताणून टाकलेला आवाज इथे मोकळा, स्वच्छ, थिएटरभर. ‘एकोणतीस एके... एकोणतीस. एकोणतीस दुणे... अठ्ठावन्न.’ आमची रांग ताठ झाली. ताईनं तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात दोनशेच्या दोनशे पिशाच्चं उभी राहिली आणि हात वर करून एका सुरात म्हणू लागली, ‘एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!’ वर्षानुवर्षं घोकलेलं, मेलेल्याला जिवंत करणारा मंत्र समजून घोकलेलं. उच्चार असे की आमच्या मंडळाच्या बालवर्गानं शिकावेत. एकशे सोळा झाले, एकशे पंचेचाळीस झाले. ‘एकोणतीस आठे दोनशे बावीस!’ पिशाच्चं गरजली.

‘चूक!’

नाना उभे होते. काठी समोरच्या खुर्चीवर आपटत होते. ‘स्टॉप! स्टॉप धिस!’ हाही खेळाचाच भाग असणार असं वाटून वर मशीन चालवणाऱ्या माणसानं पिक्चर थांबवला आणि दिवे लावले. नाना तरातरा पुढे जाऊन पडद्यासमोर उभे राहिले. छातीचं दुखणं वगैरे सगळं विसरले. ‘हू टोल्ड यू टू ट्वेंटी-टू? ट्वेंटी-नाइन एट्स आर टू थर्टी-टू!’ मागून एक पिशाच्च चाचरत म्हणालं, ‘सर... इट्स मॅथ?’ ‘ऑफ कोर्स इट इज मॅथ!’ नाना कडाडले. ‘रिपीट आफ्टर मी. एकोणतीस आठे दोनशे बत्तीस!’ आणि अमेरिकेतल्या त्या गावात, भर दुपारी, दोनशे रक्तपिपासूंनी तो आकडा तीन वेळा म्हटला. तिसऱ्यांदा नानांनी मान हलवली, तेव्हा कुठे त्यांना बसायची परवानगी मिळाली.

मग काठी आमच्या रांगेकडे वळली. ‘पाचवीत दोनशे बावीस, सातवीत दोनशे बावीस, छड्या खाऊन दोनशे बावीस! हा दुसरा कोण असणार? ऊठ, उभा राहा!’ लग्नानंतर पहिल्यांदाच नानांनी जावयाला अरेतुरे केलं होतं. साडू उठले, आणि देवाशपथ सांगतो, त्यांचा उजवा हात आपोआप पुढे झाला, तळवा वर करून. नाना बघत राहिले. आवाज खाली आला. ‘लेडीज अँड जंटलमेन. धिस इज माय स्टुडंट. अँड माय सन-इन-लॉ. दॅट व्हॉइस इज हिज. व्हॉट ही टोल्ड अस वॉज ट्रू.’

पुढे काय झालं विचारू नका. टाळ्या थांबेनात. पोरं खुर्च्यांवर चढली, कुणी साडूंच्या पाया पडायला निघालं, कुणी झग्यावर सही मागितली. भाची ओरडत होती, ‘दॅट्स माय डॅड! दॅट्स माय डॅड!’ माझा ऊर असा भरून आला की शेजारच्या पिशाच्चाला कोपरानं ढोसून मी म्हणालो, ‘माय साडू!’ साडूला इंग्रजीत शब्द नाही, त्याला मी काय करणार? पण त्याला समजलं. त्यानं माझाही हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

नाना नोव्हेंबरात परत गेले. विमानतळावर त्यांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘तुम्हाला इतकी वर्षं थापाडे म्हटलं. माझं चुकलं.’ पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाच्या तोंडून मी हे वाक्य त्या एकदाच ऐकलं. साडू वाकून त्यांच्या पाया पडले. येताना गाडी साडूच चालवत होते. अर्ध्या तासानं त्यांनी रस्त्याकडेच्या एका पार्किंगमध्ये गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत म्हणाले, ‘साडूबुवा, नानांना सांगायला हवं होतं हो.’

‘काय सांगायला हवं होतं?’

‘की बाकीच्या सगळ्या थापाच होत्या. तो घड्याळवाला, तो मंत्री, ते थालीपीठ. म्हातारा आता सगळंच खरं मानून गेला.’ आणि हा एवढा मोठा माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘अहो, मला ठाऊक होतं.’ खरं सांगायचं तर मला काही ठाऊक नव्हतं; थिएटरातल्या त्या दुपारनंतर मीही सगळंच खरं मानायला लागलो होतो. घड्याळवाल्याची गोष्ट तर मी ऑफिसात दोनदा, मोठ्या अभिमानानं, सांगून बसलो होतो. नाना दीड वर्षानं गेले. साडूंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडे कुणी नवीन माणूस आलं की मी घड्याळवाल्याची गोष्ट सांगतो, आणि ती खरीच आहे असं सांगतो.