कार्डावर कुणाचं नाव

या लिखाणात मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. माझंही नाही. का ते पुढं कळेलच, आणि नाही लिहिलं म्हणून तुमचं काही अडणारही नाही.

केजला आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. उन्हाळ्याच्या दुपारी गल्ली अशी निजायची की जीपवाल्यांची "कळंब, कळंब" ही आरोळी पाण्याखालून आल्यागत ऐकू यायची. अशाच एका दुपारी धाकटे दीर पुण्याहून आले आणि बॅगेतून तीन गुळगुळीत रंगीत कागद काढून त्यांनी सतरंजीवर मांडले. तिकडं एका कंपनीत ते नुकतेच लागले होते. देश खुला झाला, खुला झाला, असं पेपरात रोज वाचत होतो. आमच्या घरात तो आला तो असा, सतरंजीवर.

तीन कागद म्हणजे एका बँकेच्या तीन क्रेडिट कार्डांच्या जाहिराती. "दादा, खर्च तर करताच ना? मग कार्डावर करा. त्यातलं थोडं दर महिन्याला माघारी येतं," दीर म्हणाले.

आमचे हे दिंद्रुडच्या शाळेत मास्तर. रोज स्कूटरवर जाऊन-येऊन. चष्मा लावून ते कागदांपुढं असे बसले, जणू दहावीचे पेपर तपासायचेत. एक कार्ड पेट्रोलवर जास्त माघारी देणारं. दुसरं किराणा, कापडचोपड, असल्या घरखर्चावर. तिसरं रेल्वेच्या तिकिटावर.

"काय बे," हे भावाला म्हणाले, "केजला रेल्वे कुठाय?"

तिसरं कार्ड तिथंच बाद झालं. पेट्रोलच्या कार्डावर यांचा जीव जडला. पण आमच्या पंपावर कार्डाचं मशीन नव्हतं. पंपावरच काय, अख्ख्या केजात नव्हतं. लातूरला एका मोठ्या दुकानात आहे, असं दीर म्हणाले. म्हणजे साखर आणायला लातूर. "आणि एसटीचं भाडं कोण माघारी देणार, तुमची बँक?" मी विचारलं. दीर हसले. हे हसले नाहीत. यांना हिशेबात चेष्टा चालत नाही.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आमच्या आत्या दाराशी सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपला किराणावाला बी देतोच की माघारी. त्याला कुठं कार्ड लागतंय."

ते खरं होतं. कपाळाला विभूती लावून बसणारा आमचा दुकानदार महिन्याचा किराणा बांधून झाला की वर मूठभर खडीसाखर पुडीत घालून द्यायचा, न मागता. आत्यांचं बोलणं नेहमी खरंच असायचं. राग यायचा तो त्याचाच.

कागद दोन-चार दिवस घरात फिरले. दुपारी सगळे आडवे झाले की मी घरखर्चाच्या कार्डाचा कागद घेऊन खिडकीखाली पडायची. त्यावर एका बाईचं चित्र होतं. हातात चाकाची जाळीची गाडी, दोन्ही बाजूंना छतापर्यंत बरण्या, डबे, साबण, आणि बाई उगाच हसतेय. बघता बघता माझे डोळे मिटायचे आणि मी त्या चित्रात शिरायची. तिथं ऊन नव्हतं, धूळ नव्हती. मी गाडी ढकलत नुसती चालत राहायची. काही घ्यायचंच नसायचं मला. कुठून तरी थंड वारा यायचा, आणि पलीकडून कुणीतरी मला हाक मारायचं, माझ्या पहिल्या नावानं.

पहिलं नाव म्हणजे माहेरचं. लग्न झालं त्या दिवशी या घरात ताटभर तांदूळ पसरले, आत्या यांच्या कानाशी लागल्या, आणि यांनी अंगठीनं तांदळात एक नाव काढलं. ते माझं नवीन नाव. मला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला आणि सगळे पोटभर जेवले. आमची रीतच तशी आहे, एकट्या माझ्यावरच काही आभाळ कोसळलं नव्हतं. पण जुन्या नावाचं काय होतं, ते कुठं जातं, हे रीत सांगत नाही. मला लई राग यायचा. अकरा वर्षं आत्या मला त्या नव्या नावानं हाका मारत होत्या, दिवसातून दहादा, कधी कधी काही काम नसतानाही. मी जायची, "काय?" म्हणायची, तर म्हणायच्या, "काई न्हाई, कुठं हायेस ते बघितलं." तळपायाची आग मस्तकात जायची.

मी लहान असताना वडील मला नारायणगडाच्या जत्रेला न्यायचे. गर्दीत बोट सुटलं की ते जागच्या जागी उभे राहून माझं नाव घेऊन ओरडायचे. मी मुद्दाम थोडी लपून राहायची. आपलं नाव एवढ्या माणसांच्या डोक्यावरून आपल्याला शोधत येतंय, हे ऐकत राहावंसं वाटायचं.

त्या घरखर्चाच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: घरातल्या व्यक्तीसाठी दुसरं कार्ड मोफत, तिच्या स्वतःच्या नावाचं. बाकी दोन कागदांवर तसलं काही नव्हतं. मग मी यांच्या मागं हात धुऊन लागले. पेट्रोलला मशीन नाही, कापड तरी लातूरला घेतोच, दिवाळीला साड्या, पोरांचे कपडे, सगळं कार्डावर होईल, असं काय काय पटवलं. खरं कारण सांगितलं नाही. शेवटी हे म्हणाले, "घे बाई, तुझंच खरं."

दीर अर्ज भरायला बसले. "वहिनी, तुमच्या कार्डावर नाव काय छापायचं?"

मी पहिलं नाव सांगितलं. पुढं आडनाव याच घरचं, पण नाव माझं.

दीरांचा हात थांबला. ते यांच्याकडं बघायला लागले. हे माझ्याकडं. दाराशी सुपाचा आवाज चालू होता, तोही थांबला. "शाळेच्या दाखल्यावर तेच आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. थोड्या वेळानं सूप परत वाजायला लागलं, आणि दीरांनी नाव लिहिलं.

मग दिवस गेले. यांचं कार्ड आलं, माझं आलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही. आत्या मात्र त्या दिवसापासून मला कमी हाका मारत होत्या, एवढं जाणवलं. दुखावल्या असतील, मनात म्हटलं, दुखावू देत.

एका दुपारी मी अशीच खिडकीखाली पडले होते. झोप आणि जाग यांच्या मधोमध. त्यात हाक आली. माझं पहिलं नाव, पुरुषाच्या आवाजात, मोठ्यांदा. जत्रा आली डोळ्यांपुढं, वडिलांचं धोतर दिसलं. उठावं असं वाटलं, पण भर दुपारी एका हाकेला ओ देऊ नये, असं आमच्यात मानतात. दुसरी हाक येऊ दे, म्हणत मी पडून राहिले. मग शेजारणीचा आवाज आला, "न्हाई बा, आसली कुनी बाई आमच्या गल्लीत न्हाई." आणि सायकलची घंटी.

आणि मग आत्यांचा आवाज, ठणठणीत. "ओ पोस्टमन. हाय ही बाई. आमची सून हाय. द्या हिकडं."

मी खडबडून उठले. दारात आत्या लखोटा घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनी माझ्या मांडीवर टाकला आणि समोर बसल्या. मी फोडला. निळं कार्ड होतं. आत्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते हातात घेतलं आणि वर उठून आलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हेच का नाव?"

"हो. आत्या, तुमच्या ध्यानात होतं माझं नाव? अकरा वर्षांनी?"

"नाव इसरत आसतंय का कुटं," त्या म्हणाल्या. बोट अजून फिरतच होतं. "म्या तुला दिलं ते नाव माजं व्हतं. माज्या मायनं ठिवलेलं. ह्या घरात आले आन् ते गेलं. भाऊ अक्का म्हनायचे, माय-बाप मरून गेले. कुनी घेईचना. तुज्या नवऱ्याला बी ठावं न्हाई."

मी विचारलं, "मग मला कावून दिलंत?"

"मनलं, सून आली की तिला देऊ. दुसरं कुनी न्हाई तर आपून तर घेऊ. दिसातून चार बार कानावर पडंल." कार्ड त्यांनी पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "तुजं तू माघारी आनलंस, बेस केलंस. आता तुला काय म्हनून हाक मारू?"

मला रडू आलं. त्यांच्यासमोर मी तोवर कधी रडले नव्हते. "जे म्हणता तेच म्हणा," मी म्हणाले.

लातूरला आम्ही चार-सहा वेळा गेलो असू. सही करताना मी माझं नाव ठसठशीत काढायची. आत्यांना एक इरकल घेतली त्या कार्डावर. माघारी आलं ते एवढंसं. एसटीचं भाडंही सुटलं नाही, आणि हे ते मला अजून ऐकवतात.

घरात मात्र आत्यांच्या हाका पुन्हा सुरू झाल्या. मी स्वयंपाकघरात असायची, हातातलं काम थांबवायची, पण पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. त्यांना वाटायचं, सुनेला कमी ऐकू यायला लागलं. मग त्या दारापर्यंत येऊन, अजून मोठ्यांदा, तेच नाव दुसऱ्यांदा घ्यायच्या.