सुनंदाचा ठिपका

आता कुठल्या तोंडाने सांगू, पण तुम्ही घरचेच, आणि चहाही अजून गरम आहे. ऐका. एक मात्र आधीच सांगून ठेवतो: ज्या ठिकाणी तुम्ही हसाल, त्या ठिकाणी मी रडत होतो. अगदी रुमाल काढून.

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. दुसऱ्याने घडवलेल्या वस्तूत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. निवृत्त झालो तेव्हा खोट काढायला सुनंदा तेवढी उरली. सुनंदा म्हणजे आमची मंडळी. आम्हाला मूलबाळ नाही. नारायण पेठेतल्या आमच्या घरात माणसं दोन, आणि स्मार्टफोन आल्यापासून फोनही दोन.

तिला फोन मीच घेऊन दिला आणि त्यात एक अ‍ॅपही टाकून दिलं. नकाशावर दोघांचे ठिपके दिसतात. माझा निळा, तिचा केशरी. आकाशातले उपग्रह चोवीस तास आमच्या संसारावर लक्ष ठेवून. मी खिडकीपाशी बसून बघायचो. मंडईत पोचली. मंडईतून निघाली. मारुतीपाशी थांबली.

"एवढा वेळ मारुतीपाशी काय करत होतीस?" ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच मी विचारायचो.

"दर्शन घेत होते. मारुतीची काही तक्रार नव्हती."

मूळची हडपसरची, तेव्हाच्या हडपसर गावातली पोर. पण पेठेत नांदून जिभेला अशी धार आली होती.

आता तुम्ही म्हणाल, बायकोला फोन दिलात, तो वापरायला शिकवलात का? शिकवलं की. म्हणजे शिकवायला बसलो. ती विचारायची, "अहो, फोटो पाठवायचा कसा?" मी सांगायचो, "वरचं दाब. अगं, ते नाही, वरचं. वरचं म्हणजे वर असतं ते." दोन मिनिटांत माझा आवाज चढायचा, तिसऱ्या मिनिटाला मी फोन तिच्या हातातून काढून घ्यायचो. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं. मला वाटलं, आलं तिला.

आणि एका मंगळवारी तिचा ठिपका सदाशिव पेठेत गेला. तिथल्या एका इमारतीवर जाऊन थांबला आणि हलेचना. मी नकाशा दोन बोटांनी मोठा केला. इमारतीवर दवाखान्याचं नाव उमटलं. कॅन्सरचा दवाखाना.

मी फोन पालथा ठेवला. जरा वेळाने पुन्हा सुलटा केला. ठिपका तिथेच.

ती आल्यावर विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"बाहेर."

आपल्याकडे हे उत्तर पूर्ण समजतात, त्यामुळे पुढे काही विचारता आलं नाही. गुरुवारी ठिपका पुन्हा तिथेच. त्या दिवशी ती म्हणाली, "सुमनकडे गेले होते, कोथरूडला." सुमन तिची मैत्रीण. ठिपका कोथरूडच्या दिशेला फिरकलासुद्धा नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदाच ती माझ्याशी खोटं बोलली, आणि तेही इतक्या सहज! एवढं मोठं दुखणं, आणि माझ्यापासून लपवतेय.

सरळ विचारायचं ना, असं तुम्ही म्हणणार. नाही हो विचारवत. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली, तर? न विचारता निदान खिडकीत बसून राहता येत होतं.

ती कामाला आत असली की मी घर बघत हिंडायचो. साबुदाणा कुठल्या डब्यात असतो? मला माहीत नव्हतं. गॅस सिलिंडर कुठून मागवते? माहीत नव्हतं. चहात साखर घेते की बिनसाखरेचा पिते? तेही माहीत नव्हतं. बाई या क्षणी कुठे आहे ते मला नेमकं ठाऊक होतं, आणि त्यापलीकडे काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं. ती गेल्यावर या घरात मी नुसता एक निळा ठिपका होऊन बसणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि जेवण जाईना.

मग ठरवलं, उरलेले दिवस तरी तिला सुखाचे घालवू. आपली कपबशी आपण विसळायला लागलो. सोनचाफ्याची फुलं आणली. तिच्या हातातली पिशवी घेतली. एकदा जेवताना म्हणालो, "आमटी फार छान झालीय."

तिचा हात पळीसकट थांबला. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणणार होतो, पण गिळलं. नुसता हसलो. ते हसू बहुधा फारच केविलवाणं झालं असावं, कारण ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

तिच्या मंगळवार-गुरुवारी त्या दवाखान्यात जायची छाती होईना, म्हणून मी बुधवारी गेलो. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी जिना, जिन्यापाशी पाट्याच पाट्या. एकही वाचली नाही. डोळ्यांत पाणी असलं की पाट्या वाचता येत नाहीत. पहिल्या मजल्यावर दवाखान्याचं दार होतं, त्यात शिरलो.

"पेशंट कोण?" काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"माझी बायको. सुनंदा. तिला नेमकं काय झालंय, तेवढं सांगता का?"

"पेशंटची माहिती पेशंटला देतो. थांबायचं असेल तर नंबर घ्या. जायचं असेल तर दार लावून घ्या, एसी चालू आहे."

मी नंबर घेतला. कशासाठी घेतला, देव जाणे. बाकावर बसलो आणि मला हुंदकाच आला. शेजारच्या एका मावशींनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांच्या डोक्याला रुमाल होता. म्हणाल्या, "पहिल्यांदा आलात का? पहिल्यांदा असंच होतं. प्या पाणी." खरं आजारी माणूस मला धीर देत होतं. त्या मावशींची आठवण आली की अजूनही मला शरमल्यासारखं होतं.

घरी आलो. सुनंदा दारातच उभी.

"कुठे गेला होतात?"

"पेन्शनच्या कामाला."

त्या दिवसापासून तिने टोमणेच बंद केले. जेवायला रोज माझ्या आवडीचं. भातावर तूप न मागता. दुपारी पडलो की अंगावर चादर. एकदा ओट्यापाशी पदराने डोळे पुसताना दिसली, आणि त्या दिवशी स्वयंपाकात कांदा नव्हता. माझी खात्रीच पटली. निरोपाचं वागणं आहे हे. दिवस भरत आले बाईचे.

रविवारी तिचा धाकटा भाऊ विलास आला. हडपसरला असतो. हातात शहाळी, पिशवीत चिक्कू. एरवी हा माणूस दिवाळीशिवाय उगवत नाही. माझ्या शेजारी बसला आणि माझा हात हातात घेतला.

"दाजी, धीर सोडायचा न्हाई."

मी त्याचा हात घट्ट धरला. "तुला कुणी सांगितलं?"

"आक्कानंच फोन केल्ता. लई रडत होती."

"रडणारच रे. पण धीराची आहे ती."

"ती हाय धीराची. तुमी खचू नका. आमच्या गल्लीतल्या नानाला बी हेच झाल्तं. आता बघा, मोटारसायकलवर हिंडतोय."

"मी कसला खचतोय? मी आहेच तिच्या पाठीशी."

"आन् औषधानं केस जात्यात म्हनं," माझ्या डोक्याकडे बघत विलास म्हणाला. "तुमाला त्येची तर काळजीच न्हाई."

आता माझ्या डोक्याचं तुम्ही बघताच आहात. तिथे जाण्यासारखं काही चाळिशीतच शिल्लक नव्हतं.

"माझे केस कशाला जातील?" मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून सुनंदा बाहेर आली. डोळे सुजलेले. "आता नका लपवू. मला सगळं कळलंय. बुधवारी त्या कॅन्सरच्या दवाखान्यात होतात तुम्ही. मी तुमचा ठिपका बघितला."

"अगं, मी तुझ्यासाठी गेलो होतो! मंगळवार-गुरुवार तू जातेस तिथे, माझ्याशी खोटं बोलून!"

"मी? मी तिसऱ्या मजल्यावर जाते. दवाखाना पहिल्यावर आहे."

"तिसऱ्यावर काय आहे?"

ती म्हणाली, "ज्येष्ठांसाठी मोबाईलचा वर्ग."

नकाशाला मजले नसतात हो. उपग्रह वरून बघतो. त्याला इमारतीतली सगळी माणसं एकाच ठिपक्यात दिसतात, मरणाला टेकलेलीही आणि मोबाईल शिकणारीही.

तिने पुढचं सांगितलं. वर्गात त्याच आठवड्यात नकाशा शिकवला होता. सर म्हणाले, सरावाला घरच्या माणसाचा ठिपका बघत जा. बुधवारी तिने घरी सराव केला, तर मी त्याच इमारतीत. बुधवारी वर्ग बंद असतो, राहिला दवाखाना. आणि घरी येऊन मी पेन्शनची थाप मारलेली.

"अगं, पण वर्गाला कशाला जायला हवं? मला विचारायचं होतंस."

विलास शहाळ्याकडे बघायला लागला.

"विचारलं होतं," सुनंदा म्हणाली.

मी आपला चाचरत म्हणालो, "आणि नुसत्या एका ठिपक्यावरून तू धरून चाललीस, की मी मरणार?"

"ठिपका नंतर बघितला. तुम्ही आमटी चांगली झालीय म्हणालात ना, तेव्हाच मला शंका आली. तुमच्या चांगलं वागण्याला मला दुसरं काही कारणच सुचेना."

विलास हसला. ती हसली. मीही हसलो, पण ते वाक्य मला लागलं ते लागलंच. विलास गेल्यावर ती फुलांच्या वाटीत पाणी घालताना हळूच म्हणाली, "पण बरे गेले हो ते दिवस." मी मनाशी शपथ घेतली की आता यापुढे असंच वागायचं. कुणी मरायला टेकायची वाट बघायची नाही.

पुढच्याच आठवड्यात ती फोन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "अहो, हा फोटो विलासला जात नाहीये. बघता का?"

मी अगदी मायेने म्हणालो, "वरचं दाब."

तिने खालचं दाबलं.

"अगं, ते नाही, वरचं. वरचं म्हणजे वर असतं ते! किती वेळा सांगायचं?"

तिने फोन मांडीवर ठेवला. माझ्याकडे शांतपणे बघितलं. सुटकेचा नि:श्वास टाकला. मग वर्गात शिकवलं होतं तसं, न चुकता विलासला फोन लावला.

"विलास, काळजी मिटली रे. दाजींची तब्येत अगदी ठणठणीत आहे."