आधी तिचं सांग

बाईंकडे भांडण घेऊन जाणं सोपं होतं, पण नेलं तसं ते परत आणणं कुणाला जमलं नाही. आम्ही तावातावाने शिक्षकांच्या खोलीत शिरायचो. बाई वहीवरची नजर न उचलता म्हणायच्या, "आधी तिचं सांग." म्हणजे जिच्याविरुद्ध तक्रार, तिची बाजू पहिल्यांदा आपल्याच तोंडाने मांडायची. ती नीट जमली तरच आपला नंबर लागे. बहुतेक वेळा तो लागायचाच नाही. शाळेत त्यांचं नावच 'आधीतिचं बाई' पडलं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

त्या विज्ञान शिकवायच्या. तक्ता असो, हस्तलिखित असो, सगळं चौघा-चौघींच्या गटाने करायचं, आणि गट पाडताना एकमेकींशी न पटणाऱ्या मुली त्या मुद्दाम एकत्र घालत, असा आमचा पक्का संशय होता. भांडणं मिटवण्यात तास जात आणि मार्चमध्ये दोन धडे हमखास शिल्लक राहत. हेडमास्तर चिडून त्यांच्याबद्दल दुसऱ्या शिक्षकांची तक्रार सांगू लागले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आधी माझं सांगा पाहू." शिपायाने ही बातमी सगळ्या वर्गांत पोहोचवली.

आठवीत माझी आणि फिलूची गाठ त्यांनीच घालून दिली. फिलू वाडीतली. घरी केळी, पानवेली आणि राहाटाची विहीर. आम्ही खाडीकाठचे, खाजणात भात लावणारे, भरतीचं पाणी बांध घालून अडवणारे. प्रदर्शनासाठी आम्ही एका मोठ्या फळीवर आपल्या गावांचं पाणी मांडायचं ठरवलं. गटात चौघी होत्या, पण हट्ट आम्हा दोघींचाच. एका बाजूला तिची वाडी, इवल्या मडक्यांचा राहाट आणि आठ दिवसांची खरीखुरी मेथी. दुसऱ्या बाजूला माझी खाडी, आणि मध्ये मी थापलेला मातीचा बांध. इतर गट निळा कागद चिकटवत होते. मी म्हटलं, आमची खाडी खोटी नको. शनिवारी पत्र्याच्या डब्यातून खरं खाडीचं पाणी आणून ओतलं.

सोमवारी वर्ग उघडला तर फिलूची सगळी मेथी आडवी पडून पिवळी झाली होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुम्हा खाजणवाल्यांचं पाणी जाईल तिथे मरणच." मला ते झोंबलं. मी तडक बाईंकडे गेले.

"आधी तिचं सांग."

"ती म्हणते मी मुद्दाम केलं. आणि रडत बसलीय."

"कशासाठी रडतेय?"

"मेथीसाठी."

बाईंनी त्या दिवशी मात्र वही मिटली. "मूठभर मेथीसाठी आठवीतली मुलगी एवढी रडेल? तुला तिचं माहीतच नाही. तिच्या वाडीत जाऊन ये. तीही तुझ्या बांधावर जाईल. आणि प्रदर्शनात तिची वाडी तू समजावायची, तुझी खाडी तिने."

रविवारी फिलूच्या बाबांनी मला विहिरीचं पाणी ओंजळीत दिलं. मी घोट घेतला आणि थुंकले. गोड्या विहिरीला त्या उन्हाळ्यात खारं लागलं होतं. केळीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. "अजून एक वर्ष बघतो," ते म्हणाले, "नाहीतर गोखिवऱ्याला कारखान्यात नोकरी." फिलू माझ्याकडे न बघता राहाटाला टेकून उभी होती. घरी जाताना मला अन्न गोड लागणार नाही हे कळून चुकलं होतं. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. शनिवारी संध्याकाळीच मी बांध ओला झालेला पाहिला होता. सगळी शाळा तिच्या मेथीचं कौतुक करत होती. बोटभर माती लावली असती तर भागलं असतं. मी लावली नाही.

पुढच्या रविवारी फिलू आमच्याकडे आली. माझ्या वडिलांनी तिला बांधावरून फिरवलं. "पाझरतोच गो पोरी. पानी काय गप बसतंय? आपुन बघायला जायला पायजे." मी मागे चालत होते. मान वर करण्याची माझी हिंमत नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी मेलेली मेथी तशीच ठेवायची, असं बाईंनी बजावलं होतं. पाहुण्या परीक्षकांनी विचारलं, "ही रोपं कशाने जळली?" खाऱ्या पाण्याने, एवढंच उत्तर पाठ केलं होतं. पण तोंडून निघालं, "बांध पाझरत होता. मी शनिवारी पाहिलं होतं, आणि बुजवला नाही." परीक्षक गोंधळले. फिलूचा चेहरा पांढरा पडला. आता ही जन्मात बोलणार नाही, असं मला वाटलं. मग तिने माझी खाडी समजावायला घेतली. "बांध रोज बघावा लागतो," ती म्हणाली, "भरतीला यांच्या घरातलं कुणीतरी तिथे असतंच. हे एकटीचं काम नाही. आमच्या गटाने ते एकटीवर टाकलं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई खांबाशी उभ्या होत्या. आमच्याजवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "मडकी मोजून ठेवा, फुटतील." बक्षीस आम्हाला मिळालं नाही. फिलू मात्र मिळाली, ती कायमची.

बाई निवृत्त झाल्या, आणि थोड्याच वर्षांत गेल्या. देवळामागच्या, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, दफनभूमीत त्यांना ठेवून आम्ही माजी विद्यार्थी शाळेत शोकसभेला जमलो. फळ्यावर त्यांच्याबद्दल काय लिहायचं यावरून वाद निघाला. मी एका बाजूला, फिलू दुसऱ्या. आवाज चढले. फिलू खडू आपटून उठली, मीही उठले आणि दोघी तरातरा व्हरांड्यातून निघालो, मी पुढे की ती पुढे असं करत. शिक्षकांच्या खोलीचं दार ढकललं, समोरची रिकामी खुर्ची दिसली, तोवर आपण कुणाकडे निघालोय हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.