होजपाइपातली स्प्रिंग

रेडिएटरच्या खालच्या होजपाइपात स्प्रिंग बसवायला मीच विसरलो होतो. आज गॅरेजात तापलेल्या रबराचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची दुपार आठवून स्वतःचाच संताप आला. स्प्रिंगविना पाइप आत ओढला जाऊन चपटा झाला, पाणी फिरलं नाही आणि वणीहून कोळसा नेणाऱ्या ट्रकचं इंजिन जाम झालं.

ट्रकमालकासमोर मी ड्रायव्हर किसनभाऊंवरच ओरडलो, "पाणी न पाहताच गाडी हाणली तुमी!"

"तीनदा पाहलं, लेका!"

त्यांची नोकरी गेली. स्प्रिंग माझ्याच टेबलावर चिंधीखाली सापडली, तरी मी गप्प राहिलो.

आज त्यांच्या दारात गेलो.

"आता कायले आला बे?" ते कडाडले.

"किसनभाऊ, चूक माही होती. मालकाले आत्ताच सांगून आलो. मले माफ करा."