रिकाम्या घराचा पाट

पंगुनी महिन्याचं, म्हणजे फाल्गुन-चैत्रातलं ऊन उगवायच्या आधीच अंगाला चिकटत होतं. कुंभकोणमच्या त्या बोळात वाऱ्याची झुळूक म्हणून नव्हती. भवानीने पहाटे उठून नैवेद्याची चिंच भिजत घातली, घरमालकांच्या ओसरीवर फळा टेकवला आणि अकरावीच्या पोरांची शिकवणी सुरू केली.

"मोठ्या पेटीत एक रिकामी पेटी ठेवली," तिने तमिळमध्ये विचारलं, "तर मोठीत किती वस्तू?"

"एकपण नाही, टीचर," महालिंग म्हणाला.

"का रे, आतली पेटी काय उडून गेली? रिकामा संचसुद्धा घटक होतो. भोवती कंस पडला की तो एक. आणि आतल्या पेटीत चेंडू असला, तर तो आतलीचा घटक. मोठीचा नव्हे. मोठी फक्त पेटी मोजते."

पोरं गेली. भवानी चिंच घेऊन विठ्ठलमंदिराकडे निघाली.

तिची सोयरीक ठरत आली तेव्हा बापाला अर्धांग झाला, बाप गेल्यावर आईने अंथरूण धरलं. दोघांचं करता करता भवानी पन्नाशी ओलांडून गेली. धाकटा भाऊ प्रवीणकुमार चेन्नईला. आईचं तेरावं उरकलं तसं त्याने तिच्यादेखत घराला कुलूप घातलं. "किल्ली तुजकडे राहिली तर लोक म्हणतील, घर तुलाच दिलं," म्हणाला. तेव्हापासून ती भाड्याच्या खोलीत.

मंदिराच्या उत्सवात गावात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या पाळ्या लागतात. ज्या घराची पाळी, त्याचा नैवेद्य. घराचं नाव पुकारायचं, त्यातल्या माणसाने "आलों" म्हणून पाटावर बसायचं, गळ्यात हार घ्यायचा. आज प्रवीणकुमारच्या घराची पाळी, आणि त्याचा मंदिरात फोन आलेला: मला जमत नाही, तुम्हीच उरकून घ्या. आई हिंडतीफिरती होती तोवर त्या पाटावर आईच बसे.

मंदिराचं बघणारे म्हातारे स्वामीनाथराव चंदन उगाळत होते.

"मामा, आज पाटावर मी बसतें."

"तू कशी बसशील गे? पाट घराचा."

"मग माझं वेगळं घर धरा. माझी चूल वेगळी, भाडं माझं."

"एकट्या बाईच्या चुलीला घर म्हणतात कां? घर प्रवीणकुमाराचं. तू त्यात आलीसच की."

"त्यात कोळिष्टकं आलीत, मामा. मी बाहेर आहें."

"कुलूप असलं म्हणोन घर पुसलं जात नाही. त्यास नाव आहे."

भवानीला कडू हसू आलं. सकाळी पोरांच्या डोक्यात घालताना तिची दमछाक झाली होती, ते हा म्हातारा न शिकताच जाणत होता. कुलूपबंद रिकामं घर मंदिराचा घटक. ती घराची, घर मंदिराचं. म्हणून काही ती मंदिराची होत नव्हती. मधे कंस होता, आणि तो घालणाऱ्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

"म्हणजे मी मेल्यें तरी तुमची मोजणी तितकीच राहील," ती म्हणाली.

"सणाच्या दिवशी अभद्र बोलूं नको. जा, चिंचभात तुझ्याच हातचा हवा. दुसरीच्या हातास ती चव नाही."

ती मंदिराच्या स्वयंपाकघरात गेली. भात तिच्याशिवाय करायला कोणी नव्हतं, आणि न करता घरी बसून राहावं एवढी हिंमतही नव्हती.

आरती झाली. स्वामीनाथराव ओरडले, "प्रवीणकुमाराचं घर!"

दुसऱ्यांदा पुकारलं. पाट तसाच.

"प्रवीणकुमाराचं घर!"

"आलें!" स्वयंपाकघराच्या दारातून भवानी म्हणाली. हात कोपरापर्यंत चिंचेने माखलेले. माना वळल्या. पुढे बसलेल्या बायकांतली मीनाक्षीबाई शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईलसं बोलली, "टीचरम्माला हार हवा वाटतं! नवरा नाही मिळाला, पाट तरी."

दोघीतिघी हसल्या. भवानी दोन पावलं पुढे आली. स्वामीनाथरावांनी तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि हार रिकाम्या पाटावर ठेवला.

"घर आलं," ते म्हणाले. "पानं वाढा."

भवानी तशीच मागे फिरली. पंगतीतून आवाज येत होते.

"भात काय झाला आहे हो!"

"होणारच. प्रवीणकुमाराचं घर आहे, कमी कसं पडेल?"

पातेल्याच्या बुडाला भात करपून बसला होता. तिने मोरीत बसकण मारली, काथ्याच्या चोथ्यावर राख घेतली आणि बूड घासायला लागली.