बाईंच्या कमरेखालचा बटवा

माणूस बँकेशी खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, पण गादीशी बोलणार नाही, असं गादीवाल्याचं ठाम मत होतं. जुन्या गाद्या उसवताना त्याला नोटा सापडल्या होत्या, अंगठ्या सापडल्या होत्या, एकदा तर कवळी. सगळं त्याने ज्याचं त्याला परत केलं. कवळी मात्र कुणी आपली म्हणेना.

त्यामुळे बायकोने डिजिटल चलनाचा फोन सांभाळायला दिला, तेव्हा त्याला दुसरी जागा सुचलीच नाही. ती उशांचे अभ्रे शिवून विकायची. गिऱ्हाईक दुकानातल्या कोडवर आपला फोन धरायचं आणि पैसे या फोनमधल्या बटव्यात येऊन पडायचे. शिलाई मशीनसाठी जमवलेलं सगळं त्यातच होतं.

"हे बँकेत नाहीत हं. फोन गेला की पैसे गेले. नीट ठेवा."

त्याने नीट ठेवला. घरच्या गादीत, कापसाच्या मधोमध, वरून पक्के टाके.

दुसऱ्या दिवशी तो कापूस घेऊन परतला, तर ओट्यावर उन्हात टाकलेली गादी गायब.

"विकली," बायको म्हणाली. "त्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या होत्या. सांगितला तो भाव दिला. तुम्हाला काय, दुसरी भराल. संध्याकाळी मशीन आणायला जाऊ, फोन काढून ठेवा."

गादीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. दाभण-दोरा खिशात घालून तो तडक बाईंकडे गेला. बाई गादीवर आडव्या.

"एक टाका राहिलाय बाई. जरा उठता?"

"उठत नाही. जन्मभर फळ्यापुढे उभी राहून कंबर गेली माझी. या गादीत नेमकं दुखतं तिथं काहीतरी टणक लागतं. फार बरं वाटतं."

"ती कापसाची गाठ आहे."

"असू दे. मधूनमधून थरथरतेसुद्धा. ही बघा, आत्ता थरथरली."

एवढ्या संकटातही गादीवाल्याला बरं वाटलं. तिकडे अभ्रा खपला होता.

"थरथरते म्हणजे सुटत आलीय," तो गंभीरपणे म्हणाला. "आज बसवली नाही तर पाठीत शिरेल."

कंबर गेलेल्या बाई एका झटक्यात उभ्या राहिल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. त्याने टाके उसवले, फोन काढला आणि टेबलावरचा बाईंचा जुना डस्टर त्या जागी कोंबला. घरातली वस्तू घरातच राहिली, तेव्हा मनाला काही टोचलं नाही.

बाईंनी पडून पाहिलं. "टणक आहे तसंच. थरथर गेली."

"ती नव्या गादीलाच असते."

संध्याकाळी मशीनवाल्याकडे बायकोने बटवा उघडला, पैसे दिले आणि फोनच्या चार्जिंगच्या भोकातून कापसाचा पुंजका ओढून काढला. नवऱ्याकडे पाहिलं.

सकाळी बाईंच्या दोन मैत्रिणी दुकानात हजर. "बाईंसारखी गादी हवी. पण आमची थरथर काढू नका."

त्या गेल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "म्हणजे माझं मशीन मीच विकलं होतं?"

"पण भाव चांगला घेतलास."

तेव्हापासून फोन बायकोच्या कमरेला असतो. अभ्रा खपला की आधी तिलाच गुदगुल्या होतात.